स्पीनहॅमलंड पद्धती

स्पीनहॅमलंड पद्धती : इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस रूढ झालेली, पावाचा भाव आणि कुटुंबातील माणसांची संख्या पाहून शेतमजुरांना भत्ता देण्याची रीत. मजुरी ठरावीक रकमेपेक्षा कमी पडल्यास उरलेली रक्कम पॅरिशमधील (चर्चच्या हद्दीनुसार पाडलेल्या स्थानिक घटकातील) जमीनधारकांवर बसवलेल्या गरीबपट्टीतून भरून दिली जाई. सरकारी मदतीमुळे गरीब कुटुंबांना अधिक मुले होऊ देण्याचे प्रोत्साहन मिळते, हा आक्षेप मुख्यतः या पद्धतीच्या निमित्ताने धोरणात उतरला.

पद्धतीचा आरंभ ६ मे १७९५ रोजी बर्कशर परगण्यातील न्यूबरीजवळच्या स्पीनहॅमलंड येथे, पेलिकन नावाच्या खानावळीत भरलेल्या मॅजिस्ट्रेटांच्या बैठकीत झाला, असे सामान्यतः मानले जाते. फ्रान्सशी चाललेले युद्ध आणि नापिकी यांमुळे धान्य महागले होते. बैठक बोलावली होती ती शेतमजुरीचे दर बांधून देण्यासाठी. मॅजिस्ट्रेटांनी ते नाकारले व त्याऐवजी भत्त्याचे कोष्टक मंजूर केले. मात्र अशा तऱ्हेचे भत्ते बर्कशरच्या आधी इतर काही परगण्यांत दिले गेल्याचे दाखले आहेत. त्यामुळे बर्कशरला जनकत्वाचा मान देण्यापेक्षा एका प्रचलित उपायाला तेथे ठळक रूप मिळाले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. खुद्द बर्कशरमध्येही हे कोष्टक सर्वत्र आणि सातत्याने लागू झाले नव्हते, असे मार्क न्यूमन यांच्या संशोधनावरून दिसते.

कोष्टकाचे मूळ माप गॅलन पाव हे होते. त्याचे वजन ८ पौंड ११ औंस, म्हणजे सुमारे ३·९ किग्रॅ. हा पाव एक शिलिंगला (१२ पेन्सना) असताना कष्टाळू गरीब पुरुषाला आठवड्याला ३ शिलिंग, आणि पत्नी व प्रत्येक मुलामागे १ शिलिंग ६ पेन्स मिळावेत, असे ठरले. यात कुटुंबाची स्वतःची कमाई धरलेली असे. भत्ता फक्त तुटीपुरता. पाव एक पेनीने महागला की पुरुषामागे ३ पेन्स आणि इतरांमागे १ पेनी वाढे. म्हणजे नवरा, बायको व तीन मुले अशा घराची हमी ९ शिलिंगांची, आणि पाव १ शिलिंग ४ पेन्स झाला की ११ शिलिंग ४ पेन्सची. हा हिशेब थोडा पुढे नेला, तर एक दुर्लक्षित गोष्ट लक्षात येते. पुरुषाच्या वाट्याला दोन्ही भावांत नेमके तीन पाव येतात. मुलाचा वाटा मात्र दीड पावावरून सुमारे १·४ पावावर घसरतो. महागाई वाढेल तसे मूल पोसणे या कोष्टकानुसार अधिक तुटीचे होत जाई, आणि त्याच वाट्यातून कपडालत्ता व सरपणही भागवायचे असे. मुले हा मिळकतीचा मार्ग होता, या समजुतीला कोष्टकाचे आकडे फारसा आधार देत नाहीत.

पंतप्रधान धाकटे पिट यांनी १७९६ मध्ये मोठ्या कुटुंबाला मदत देणे हा हक्काचा व सन्मानाचा भाग मानावा, असे पार्लमेंटमध्ये सांगितले होते. दोनच वर्षांनी अर्थशास्त्रज्ञ टॉमस रॉबर्ट मॅल्थस यांनी उलट बाजू मांडली : मदतीच्या आशेने पोसण्याची ऐपत नसतानाही लग्ने होतात, तोंडे वाढतात, अन्न वाढत नाही. पुढे १८०७ मध्ये मात्र, राहायला झोपड्या मिळत नसल्याने गरीब कायद्याचा (गरिबांना मदत देण्याच्या कायद्याचा) हा परिणाम तितकासा होत नाही, हे त्यांनीच मान्य केले. ही दुरुस्ती मूळ सिद्धांताइतकी कधीच प्रसिद्ध झाली नाही. गरीब कायद्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या १८३२ च्या शाही आयोगाने गावोगाव प्रश्नावल्या पाठवल्या. नॅसॉ सीनियर व एडविन चॅडविक यांनी लिहिलेल्या आयोगाच्या अहवालाने भत्त्यांवर कठोर ठपका ठेवला आणि १८३४ च्या कायद्याने धडधाकट गरिबांना घरबसल्या मदत देण्याऐवजी वर्कहाउसची (जेथे राहून काम केले तरच मदत मिळे अशा गृहाची) अट घालण्याचे धोरण आले.

जननप्रमाणावरील परिणामाबद्दल विद्वानांत एकमत नाही. मार्क ब्लॉग (१९६३) यांनी आयोगाचे निष्कर्ष पुराव्याला धरून नसल्याचे दाखवले. जेम्स ह्यूझेल यांना भत्ते देणाऱ्या पॅरिशमध्ये जन्म अधिक असल्याचे आढळले नाही. याउलट जॉर्ज बॉयर (१९८९) यांनी आग्नेय इंग्लंडमधील पॅरिशच्या संख्याशास्त्रीय विश्लेषणावरून, तिसऱ्या मुलापासून भत्ता देणाऱ्या पॅरिशमध्ये, इतर बाबी समान धरल्यास, जन्मदर सुमारे २५ टक्क्यांनी अधिक होता, असा निष्कर्ष काढला. बॉयर यांची पद्धत अधिक काटेकोर आहे, हे मान्य करावे लागेल. तरी दोन अडचणी राहतात. त्या काळी जन्मांचा अंदाज बहुधा बाप्तिस्म्यांच्या नोंदींवरून बांधावा लागतो आणि चर्चबाहेरच्या पंथीयांची मुले त्यातून निसटतात. दुसरे, मुलांची संख्या मोठी म्हणून भत्ता सुरू झाला की भत्ता होता म्हणून मुले झाली, हे एका काळच्या आकड्यांवरून ठरवणे अवघड असते. रिग्ली व स्कोफील्ड यांच्या लोकसंख्येच्या पुनर्रचनेनुसार इंग्लंडमधील जननप्रमाणाची चढण १७९५ च्या बरीच आधी सुरू झाली होती व तिची उतरण १८३४ पूर्वीच लागली होती. आयर्लंडमध्ये १८३८ पर्यंत असा कायदाच नव्हता. तरी तेथील लोकसंख्या १८४१ मध्ये ८१ लाखांवर गेली होती. हे पाहता परिणाम असलाच तर स्थानिक व मर्यादित होता, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

  

विसाव्या शतकात हा वाद पुन्हा उद्भवला. अमेरिकेत निक्सन यांच्या कुटुंब-साहाय्य योजनेला विरोध करताना स्पीनहॅमलंडचा दाखला दिला गेला. न्यू जर्सीने १९९२ मध्ये, मदत घेत असताना झालेल्या मुलासाठीचा वाढीव भत्ता बंद केला. ती तरतूद २०२० मध्ये रद्द झाली. ब्रिटनने एप्रिल २०१७ पासून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मुलांमागे मिळणाऱ्या मदतीला दोनच मुलांपुरती मर्यादा घातली. तिच्यामुळे जन्मांत झालेली घट अगदी अल्प असल्याचे अभ्यासकांना आढळले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती उठवण्याची घोषणा झाली. भारतात प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेचा (२०१७) लाभ आरंभी पहिल्या अपत्यापुरता होता. पुढे दुसरे अपत्य मुलगी असल्यास तो देण्यात येऊ लागला.