दक्षिण अमेरिका खंडातले देश आणि प्रदेश

दक्षिण अमेरिकेत स्वतंत्र देश 12 आहेत: ब्राझील, अर्जेंटिना, चिली, पेरू, बोलिव्हिया, पॅराग्वे, उरुग्वे, इक्वेडोर, कोलंबिया, व्हेनेझुएला, गयाना आणि सुरिनाम. फुटबॉलवाल्यांना विचाराल तर ते 10च सांगतील, कारण गयाना आणि सुरिनाम कॅरिबियनवाल्यांच्या गटात खेळतात.

ब्राझील एकटाच जवळपास अर्धा खंड व्यापून बसलाय (85 लाख चौ.किमी.), चिली आणि इक्वेडोर सोडले तर बाकी सगळ्यांशी त्याची सीमा लागते. तिथे पोर्तुगीज बोलतात, कारण 1494 च्या तोर्देसिल्यास करारात स्पेन आणि पोर्तुगालने जग आपसात वाटून घेतलं आणि हा पूर्वेचा भाग पोर्तुगालकडे आला. गोव्यातला काजू पण मूळचा तिथलाच, पोर्तुगीजांनीच आणलेला. स्पेनच्या वसाहती मात्र फुटून फुटून 9 देश झाले. त्यात बोलिव्हियाचं दुखणं वेगळंच आहे, 1879 ला सुरू झालेल्या युद्धात चिलीने त्यांची समुद्राकाठची सगळी जमीन घेतली, तरी नौदल अजून ठेवलंय, ते टिटिकाका सरोवरात आणि नद्यांमध्ये फिरतं.

खरी गंमत ईशान्य कोपऱ्यात आहे, जिथे सहसा कुणाचं लक्षच जात नाही. गयाना ब्रिटिशांचं होतं, 1966 ला स्वतंत्र झालं, इंग्रजी बोलतं आणि क्रिकेट वेस्ट इंडिजकडून खेळतं, क्लाइव्ह लॉइड आणि चंद्रपॉल इथलेच. शेजारचं सुरिनाम डचांचं, 1975 ला सुटलं. दोन्हीकडे उसाच्या मळ्यांवर भारतातून गिरमिटिया (कराराने बांधलेले) मजूर नेले होते, सुरिनामला पहिलं जहाज 1873 मध्ये गेलं, आणि त्यांच्या वंशजांची सरनामी भाषा भोजपुरी-अवधीच्या वळणाची आहे.

त्याला लागून फ्रेंच गयाना, आणि हा देशच नाही! 1946 पासून तो फ्रान्सचाच एक जिल्हा आहे, चलन युरो, म्हणजे ॲमेझॉनच्या जंगलात चक्क युरोपियन युनियन, आणि फ्रान्सची सगळ्यात लांब जमिनीवरची सीमा ब्राझीलशी आहे. विषुववृत्ताजवळ असल्याने रॉकेटला पृथ्वीच्या फिरण्याचा जास्त फायदा मिळतो म्हणून कुरू इथे अवकाशतळ आहे, इस्रोचे कितीतरी इन्सॅट-जीसॅट उपग्रह तिथूनच गेलेत.

दुसरा मोठा परकीय प्रदेश फॉकलंड बेटं. ताबा ब्रिटनचा, हक्क अर्जेंटिना सांगतं, 1982 ला त्यावरून युद्ध झालं, ब्रिटन जिंकलं पण अर्जेंटिनाचा दावा अजून चालूच आहे. तसाच गयानाचा एसेकिबो भाग, देशाचा साधारण दोन-तृतीयांश, व्हेनेझुएला आपला म्हणतं आणि 2023 मध्ये तर त्यावर सार्वमत पण घेतलं.

पनामा 1903 पर्यंत कोलंबियात होता, पण आता तो उत्तर अमेरिकेत मोजतात. त्रिनिदाद व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याला अगदी खेटून आहे, तरी त्याला कॅरिबियनमध्येच धरतात.