स्क्विडची शाई पुरे, त्याचा मज्जातंतू बघा

अमेरिकेतल्या अनेक शाळांत जीवशास्त्राच्या तासाला मुलांना स्क्विड कापायला देतात. स्क्विड म्हणजे आपल्या मासळी बाजारातलं माकुल. ते गोठवलेलं, स्वस्तात मिळतं आणि साध्या कात्रीनं कापलं जातं. मुलं शाईची पिशवी फोडतात, पाठीतली पारदर्शक काडी उपसतात, ती शाईत बुडवून कागदावर स्वतःचं नाव लिहितात. बहुतेक ठिकाणी तास तिथेच संपतो. अशा तासांचे व्हिडिओ बघताना मला फार हळहळ वाटते, कारण मज्जातंतूतून संदेश कसा धावतो हे माणसाला ज्या अवयवानं शिकवलं, तो न बघताच प्राणी कचऱ्यात जातो.

स्क्विड पाठीवर, म्हणजे नरसाळ्यासारखी नळी असते ती बाजू वर करून ठेवायचा आणि तिथून शेपटीपर्यंत सरळ कापायचा. धड पुस्तकासारखं उघडतं. दोन कल्ले, त्यांच्या बुडाशी एकेक छोटं हृदय आणि मध्ये तिसरं, मुख्य हृदय. रक्तात लोहाऐवजी तांबं असल्यामुळे ते लाल नसतं. हे सगळं बघण्यासारखं आहेच. पण आता कल्ले बाजूला सारा आणि मानेजवळ धडाच्या आतल्या भिंतीवर नजर टाका. डावीकडे एक आणि उजवीकडे एक, अशा दोन पांढुरक्या गाठी दिसतील. प्रत्येक गाठीतून चांदणीच्या किरणांसारखे दोरे फुटलेले असतात. मला सांगायचंय ते या दोऱ्यांबद्दल, म्हणजेच मज्जातंतूंबद्दल.

स्क्विड संकटात सापडला की धडाचे स्नायू आवळतो, नरसाळ्यातून पाण्याचा झोत मारतो आणि उलट्या दिशेनं सुटतो. झोत जोरदार हवा असेल तर सगळं धड एकाच क्षणी आवळलं पाहिजे. पण गाठ असते मानेपाशी. जवळच्या स्नायूला संदेश लवकर पोचणार, शेपटीकडच्याला उशिरा. यावर स्क्विडचा उपाय असा, की दोरा जितका लांब, तितका त्यातला मुख्य तंतू जाड. जाड तंतूत संदेश वेगानं धावतो आणि लांबचं अंतर भरून निघतं.

जाडीनं वेग का वाढतो? संदेश विजेचा असतो. तंतूच्या आतल्या द्रवातून विद्युतभार पुढे सरकतो, त्याला होणारा रोध तंतूच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरतो. व्यास दुप्पट केला की रोध एक चतुर्थांश होतो. पण बाहेरचं पटलही वाढतं, आणि ते भारित करायला जास्त भार लागतो. पटल वाढतं व्यासाच्या पटीत, रोध घटतो व्यासाच्या वर्गाच्या पटीत. दोन्हींचा हिशेब मांडला की वेग व्यासाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात येतो. म्हणजे वेग दुप्पट हवा तर तंतू चौपट जाड करावा लागतो. स्क्विडचा तंतू सुमारे अर्धा मिलिमीटर जाड असतो, मोठ्या जातींत एक मिलिमीटरपर्यंतही, आणि त्यात संदेश सेकंदाला साधारण २५ मीटर धावतो. आपले सर्वांत जलद तंतू जेमतेम ०.०२ मिलिमीटर जाड, तरी वेग १०० मीटरच्या आसपास, कारण त्यांच्यावर मेदाचं आवरण असतं. आवरणाशिवाय तो वेग गाठायचा तर एकेक तंतू आठ मिलिमीटर जाड लागला असता. असे लाखो तंतू पाठीच्या कण्यात मावले असते का?

इतका जाड तंतू पूर्वी काहींना रक्तवाहिनीच वाटला होता. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जे. झेड. यंग यांनी १९३६ मध्ये तो मज्जातंतू असल्याचं दाखवलं आणि शरीरक्रियाशास्त्रज्ञांना खजिनाच सापडला. १९३९ मध्ये हॉजकिन आणि हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी इंग्लंडमधल्या प्लिमथच्या प्रयोगशाळेत त्याच्या आत विद्युतअग्र (इलेक्ट्रोड) सरकवलं. संदेश जाताना आतला ऋण विद्युतदाब शून्यावर येऊन थांबेल, अशी तेव्हाची समजूत होती. तो शून्य ओलांडून चक्क धन झाला. सोडियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, आत घुसतात, मग पोटॅशियमचे बाहेर पडतात, हा सगळा हिशेब त्यांनी १९५२ मध्ये समीकरणांत मांडला. १९६३ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. त्याआधीच, १९६१ मध्ये, हॉजकिन आणि सहकाऱ्यांनी टूथपेस्ट काढावी तसा तंतूतला गर पिळून काढला, आत पोटॅशियमच्या क्षाराचं द्रावण भरलं, तरीही संदेश धावत राहिला!

म्हणूनच जपानमधल्या, ताटात सोया सॉस ओतताच भुजा हलवणाऱ्या 'नाचणाऱ्या स्क्विड'च्या व्हिडिओखाली 'आत्मा अजून शरीरात आहे' असं लिहिलेलं वाचून चीड येते. ताज्या मेलेल्या स्क्विडच्या भुजांमधल्या पेशींत थोडी ऊर्जा शिल्लक असते. सोया सॉस ओतला की त्यातल्या मिठाचं सोडियम त्या पेशींना उद्दीपित करतं आणि भुजा वळवळतात. यात आत्म्याचा काही संबंध नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१४ मध्ये आपल्याकडच्या प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमांतलं विच्छेदन थांबवलं. शिकण्यासाठी प्राणी मारू नयेत, हे मला पूर्ण मान्य आहे. पण जेवणासाठी घरी आलेलं माकुल तर कापलं जाणारच असतं. कोळणीला फक्त सांगा, साफ करू नका, अख्खंच द्या. घरी मुलांच्या हाती भिंग द्या आणि गाठीतून निघणाऱ्या दोऱ्यांपैकी सर्वांत जाड कोणता, ते त्यांना शोधू द्या. तो शेपटीकडे गेलेला दिसेल.