मातीचा बैल: पूजेचा की खेळायचा?

पोळ्याच्या आधी आठवडाभर जळगाव, धुळे, नंदुरबारच्या बाजारांत मातीच्या बैलांच्या जोड्या मांडलेल्या दिसतात. अंगठ्याने दाबून वर काढलेलं वशिंड, शिंगांना बेगड, पाठीवर रंगवलेली झूल. ज्या घरी गोठा उरला नाही तिथे हीच जोडी पाटावर पुजली जाते. दुसऱ्या दिवशी ती पोरांच्या हाती लागते आणि चार दिवसांत एखादं शिंग मोडतं. विदर्भातल्या तान्ह्या पोळ्याला चाकांचा लाकडी बैल लागतो. आपल्याकडे मान मातीच्या बैलाचा.

परंपरा किती जुनी असावी, याचा एक धागा मिळतो. तापीकाठच्या सावळदा गावाचं नाव ज्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला मिळालं, तिचे थर प्रवरेकाठी दायमाबादलाही लागले. तिथेच 1974 मध्ये ब्राँझचा बैलरथ सापडला. तो कशासाठी घडवला, यावर अजून एकमत नाही.

बैल नेमका कशासाठी, हा प्रश्न आता कायद्यात आला आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये खेळण्यांवरचं आयातशुल्क 20 वरून 60 टक्क्यांवर गेलं, 2023 मध्ये 70 वर. 2020 मध्येच खेळण्यांसाठी गुणवत्ता आदेश निघाला आणि 1 जानेवारी 2021 पासून देशी-परदेशी सगळ्याच खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. स्वस्त चिनी मालावर रोख होता, तो योग्यच होता. मूल खेळणं तोंडात घालतं. रंगातून सुटणारं शिसं किलोमागे 90 मिलिग्रॅमच्या आतच हवं.

घोळ झाला तो व्याख्येत. 14 वर्षांखालच्या मुलांनी खेळावं या हेतूने केलेली वस्तू म्हणजे खेळणं, मग तो हेतू एकमेव असो वा नसो. या शेवटच्या तुकड्यातच मेख आहे. सकाळी पुजलेला बैल संध्याकाळी अंगणात जातो, हे कुंभारालाही ठाऊक असतं.

डिसेंबर 2020 मध्ये नोंदणीकृत हस्तकारागीर आणि भौगोलिक मानांकन असलेल्या खेळण्यांना सूट मिळाली. कर्नाटकातल्या चन्नपट्टण, आंध्रातल्या कोंडापल्लीच्या खेळण्यांना मानांकन होतंच. जळगावात ते केळीला आणि भरिताच्या वांग्याला आहे, बैलाला नाही. उरतं कारागिराचं ओळखपत्र. वर्षभर माठ आणि पणत्या घडवणारा माणूस बैलांना जेमतेम महिना देतो. तेवढ्यासाठी नोंदणीच्या खेपा कोण घालणार? सूट वस्तूला द्यायला हवी होती, ती कार्डाला दिली. एकाच भट्टीतून निघालेल्या जोड्यांपैकी कार्डवाल्या काकांची सुटते, पुतण्याची अडकते. आणि कार्ड काही रंग तपासत नाही. गेरू-चुना जाऊन डब्यातला ऑइलपेंट आला, तो दोघांच्याही बैलांवर तोच असतो.