परसबाग आणि चार-पाच कोंबड्या : खरेदीआधी वाचावे असे काही
(कोल्हापूर आणि आसपासच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडे भाजीची रोपे, बियाणे, खते, खुराडी आणि कोंबड्यांची पिल्ले मिळतात. मृग जवळ आला की बरेच जण येतात आणि एकदमच सगळे मागतात: वाफ्यांचे सामान, दहा पिल्ले, एखादी शेळी, जमल्यास मधमाश्यांची पेटीही. विकायला आम्हाला काही हरकत नाही. पण असे सगळे एकदम घेऊन गेलेले ग्राहक दिवाळीपर्यंत वासाने, शेजाऱ्यांच्या तक्रारींनी आणि उकरलेल्या वाफ्यांनी वैतागलेले असतात. म्हणून आमचा सल्ला असा, की पहिला हंगाम फक्त बागेला द्या. कोंबड्या दुसऱ्या हंगामात आणा. आणि कोंबड्या घ्यायच्या आधी त्यांची शिट रोज कुठे जाणार, याचे उत्तर तयार ठेवा. ते उत्तर असेल तर पुढचे सगळे सोपे जाते.

आधी बाग

एका गुंठ्यात, म्हणजे 1089 चौरस फुटांत, घर बांधून झाल्यावर मागे-बाजूला तीनचारशे फूट जागा उरली तरी भरपूर आहे. कडेला शेवगा, कढीपत्ता आणि कागदी लिंबू लावा. न्हाणीचे पाणी जिथे जाते तिथे अळू आणि केळ. मधल्या उन्हाच्या जागेत तीन-साडेतीन फूट रुंदीचे वाफे करा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही.

पावसाळ्यात वेलवर्गीय भाज्या उत्तम येतात: दोडका, कारले, पडवळ, दुधी. शिवाय भेंडी आणि गवार. टोमॅटोची घाई करू नका. आपल्याकडच्या जुलैच्या झडीत त्याला करपा धरतो. ऑगस्टअखेर रोप टाकून पाऊस ओसरताना लावलेला टोमॅटो जास्त फळतो. मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर हे थंडीचे धन. कोथिंबिरीसाठी धणे रगडून दोन फोडी करूनच पेरा, नाहीतर उगवण विरळ होते. मेथी दाट फेकून पेरली की तीन-चार आठवड्यांत जुडी हातात येते. नवख्या माणसाला हुरूप यायला मेथीसारखे पीक नाही.

गच्चीवर बाग करणार असाल तर आधी वजनाचा हिशेब करा. माणसांचा वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकांत चौरस मीटरला साधारण 150 किलो भार धरलेला असतो. भिजलेली माती सहा इंच जाडीने पसरली तर तेवढ्याच जागेत अडीचशे किलोच्या पुढे जाते. त्यामुळे ‘गच्चीवर मातीचा थर टाकून द्या’ अशी मागणी आम्ही घेत नाही, कितीही आग्रह केला तरी. त्याऐवजी रसवंतीतले चिपाड, पालापाचोळा आणि कंपोस्ट भरून त्यात माती फक्त मूठ-दोन मूठ घालतात. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाच्या चिपाडावर गच्चीतली शेती करून दाखवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्याच ओल्या कचऱ्यातून बाग उभी केली. कोल्हापुरात तर चिपाड मागाल तितके मिळते. फक्त ते ताजे वापरू नका, गोडाला मुंग्या लागतात. पावसात एक-दोन वेळा धुऊन, थोडे कुजवून मग भरा. कुंड्या आणि पिशव्या गच्चीच्या मधोमध न ठेवता भिंतींच्या आणि तुळयांच्या रेषेवर ठेवा.

मग कोंबड्या, पण पाचच

पाच कोंबड्या चार माणसांच्या घराला पुरतात. अंड्यासाठी कोंबडा लागत नाही, हे दर आठवड्याला कुणाला तरी सांगावे लागते म्हणून इथे छापतो. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी घालते, फक्त त्यातून पिल्लू निघत नाही. पहाटे चारला आरवणारा कोंबडा घेऊन शेजारधर्म टिकत नाही. दाट वस्तीत आम्ही कोंबडा देतच नाही.

जात कोणती घ्यावी? गावठी कोंबडी काटक असते, पण वर्षाला साठ-ऐंशी अंड्यांवर थांबते. वनराज आणि ग्रामप्रिया या हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या जाती. अंड्यांसाठी ग्रामप्रिया, थोडे मांस आणि थोडी अंडी हवी असतील तर वनराज. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज अंगाने भरदार, पण खातेही तशीच. कडकनाथ मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआची. 2018 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून मागणी वाढली. शोभेला आणि मांसाला ठीक, अंड्यांसाठी मात्र आम्ही सुचवत नाही. पशुसंवर्धन विभागाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र कोल्हापुरातही आहे. तिथे चौकशी करून मग आमच्याकडे आलात तरी आम्हाला राग नाही.

एक दिवसाचे पिल्लू स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. त्याला पहिल्या आठवड्यात 35 अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला अडीच-तीन अंश कमी करत न्यायची. त्यासाठी टोपलीवर दिवा टांगतात. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे पाहिले तर लवकर कळते: दिव्याखाली एकमेकांवर चढून चिवचिवत असतील तर थंडी वाजते आहे, कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर उकडते आहे, आणि सगळीकडे पसरून काही खाताहेत, काही झोपली आहेत असे असेल तर ठीक. रात्री दोनला वीज गेली की काय करणार, हे ज्यांनी ठरवलेले आहे त्यांनीच एक दिवसाची पिल्ले न्यावीत. बाकीच्यांनी आठ आठवड्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, घ्याव्यात. लसीकरण झालेले असते आणि वीस-बावीस आठवड्यांची झाली की अंडी सुरू होतात.

लसीचे थोडे सविस्तर सांगतो, कारण इथे लोक फसतात. राणीखेत म्हणजे मानमोडी हा सगळ्यांत मोठा शत्रू. त्यासाठी पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा या लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी या लसीचे इंजेक्शन. मधे गंबोरो आणि देवी या आणखी दोन रोगांच्या लसी. अडचण अशी की कुपी निदान शंभर पक्ष्यांची येते, कालवल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते आणि तोवर बर्फातच ठेवावी लागते. पाच कोंबड्यांसाठी कुणी ही यातायात करत नाही आणि मग एका आठवड्यात खुराडे रिकामे होते. त्यासाठीच आम्ही गल्लीतल्या, कॉलनीतल्या ग्राहकांची नावे एकत्र करून एकाच दिवशी लस टोचून देतो. नाव नोंदवून ठेवा.

खुराडे आणि गादी

रात्रीच्या मुक्कामाला कोंबडीमागे दोन चौरस फूट आणि दिवसा फिरायला आठ-दहा चौरस फूट जागा हवी. म्हणजे पाच जणींना चार बाय तीनचे खुराडे आणि त्याला लागून पन्नास चौरस फुटांचे जाळीचे कुंपण. खुराडे जमिनीपासून दीड-दोन फूट उंच असावे. आपल्याकडे पावसाचा मारा पश्चिमेकडून असतो, म्हणून दार पूर्वेला ठेवा. वर, कोंबड्यांच्या डोक्यापेक्षा उंचावर हवा खेळायला जाळीची पट्टी सोडा. बंद पेटीत कोंबड्यांना सर्दी होते. साधी षट्कोनी कोंबडीजाळी घूस आणि मुंगूस फाडतात. अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे तारा जोडून केलेली चौकोनी जाळी, घ्या आणि कुंपणाची जाळी फूटभर जमिनीत गाडा. महाग पडते, पण एकदाच.

वासाचा बंदोबस्त खुराड्याच्या गादीत असतो. खुराड्यात चार-सहा इंच भाताच्या तुसाची गादी टाका. राधानगरी, गगनबावड्याकडच्या भात गिरण्यांतून तूस पोत्याने येते. रोज सकाळी दाणे टाकताना मूठभर दाणे गादीत भिरकावा, कोंबड्या ते शोधताना गादी स्वतःच उकरून मोकळी करतात. आठवड्यातून एकदा मूठभर गादी घेऊन दाबून बघा. मूठ उघडल्यावर भुगा सुटला तर छान. लाडवासारखा गोळा राहिला तर ओल जास्त आहे: नवे तूस मिसळा आणि पाण्याचे भांडे सांडते का पाहा. दहातल्या नऊ वेळा दोष पाण्याच्या भांड्याचाच असतो. डोळ्यांना चुरचुरणारा वास येऊ लागला तर तो अमोनिया, तेव्हा गादी बदलायलाच हवी.

काढलेली गादी थेट वाफ्यात घालू नका. कोंबडीची शिट कडक असते, मुळे जळतात. शिवाय ताज्या शिटेतले जंतू मेथी-कोथिंबिरीच्या पानांवर जातात. पालापाचोळ्याबरोबर थर देऊन, ओल टिकवून, मधून मधून उलटून दोन-तीन महिने कुजू द्या. शेणखतापेक्षा यात नत्र बरेच जास्त, म्हणून हात आखडता ठेवा. पहिला हंगाम नुसती बाग करायला सांगतो ते याचसाठी. वाफे, पाचोळा आणि कंपोस्टचा खड्डा आधीपासून असेल तर शिट खत होते, नाहीतर ती नुसती घाण होऊन बसते.

खाणे-पिणे

एका कोंबडीला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य लागते, पाच जणींना महिन्याला पंधरा ते एकोणीस किलो. घरातले उरलेसुरले त्यात चौथाईपर्यंत चालते: भाजीची देठे, शिळी भाकरी, पपईची साल. खारट, तळलेले आणि बुरशी आलेले बिलकूल नको. बुरशीचा मका किंवा शेंगपेंड कोंबडीचे काळीज, म्हणजे यकृत, निकामी करते. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, ज्या कोंबडीला हवा ती खाते. अंड्याचे कवच पातळ येऊ लागले की पहिले ती वाटी रिकामी तर नाही ना, ते पाहा.

स्वस्त अंड्यांच्या आशेने कोंबड्या घेऊ नका. खाद्याचा भाव धरला तर घरचे अंडे दुकानातल्या अंड्याच्या आसपासच पडते. चव, खत आणि मुलांची करमणूक हा वरचा नफा. डिसेंबर-जानेवारीत दिवस लहान असल्याने अंडी कमी होतात, पिसे झडताना तर दोन-तीन महिने बंदच. कोंबडी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसली तरी तेच. हे बिघाड नाहीत, आमच्याकडे तक्रार घेऊन येऊ नका. उन्हाळ्यात मात्र सावली आणि गार पाणी चुकवू नका. कुंपणावर दोडक्याचा वा घेवड्याचा वेल चढवला की सावलीही होते आणि मंडपाचा खर्चही वाचतो. खालची पाने कोंबड्या खातील, ते सोडून द्या.

उभ्या पिकात कोंबड्या सोडल्या तर संध्याकाळपर्यंत वाफा साफ होतो. पीक काढून झाल्यावर, वाफा खणून, दोन दिवस सोडा. मातीतल्या हुमणीच्या अळ्या त्या अशा वेचतात की औषध घालायची गरज उरत नाही.

शेळी, शेजारी आणि परवाने

शेळी शहरात शक्यतो नको. उस्मानाबादी असो की संगमनेरी, तिला रोज चार-पाच किलो हिरवा चारा लागतो, एकटी राहिली तर ओरडत राहते आणि सुटली की पहिल्यांदा तुमचा कढीपत्ता खाते. चराऊ रान नसेल तर आम्ही स्पष्ट नाही म्हणतो. मधमाश्यांची पेटी प्रशिक्षण घेतल्याशिवाय आणू नका.

शहरी भागात जनावरे पाळण्यावर राज्यात 1976 पासून कायदा आहे. महानगरपालिकेचे नियमही असतात. सोसायटीत राहत असाल तर सोसायटीची लेखी परवानगी घ्या, भाड्याने असाल तर घरमालकाची.

एकाच वेळी दोन-तीन कोंबड्या अचानक मेल्या तर त्या गटारात किंवा उकिरड्यावर टाकू नका आणि दुसऱ्यांना देऊही नका. लगेच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला होता, आणि तेव्हा परिसरातल्या परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या होत्या.

पक्षी नेताना

आधी खुराड्याचा फोटो मोबाइलवर दाखवा, मगच आम्ही तलंगा देतो. येताना भोके पाडलेला पुठ्ठ्याचा खोका आणा, तळाला वर्तमानपत्र नको, पाय घसरतात, गोणपाट घाला. शक्यतो ऊन उतरल्यावर या. घरी गेल्यावर पक्षी थेट खुराड्यात ठेवा, गूळ घातलेले पाणी पाजा आणि पहिले तीन-चार दिवस दार उघडू नका. त्यानंतर संध्याकाळी, अंधार पडायच्या तासभर आधी सोडा. लांब जात नाहीत, आणि दिवेलागणीला आपापल्या परत आत येतात. एखादी आलीच नाही तर झाडावर शोधा.