नोटपॅडमध्ये एआय: मागचा प्रवास

यवतमाळ-वाशीमकडच्या एखाद्या सेतू केंद्रात दुपारी जाऊन बसा. शेतकरी सांगतो, "पऱ्हाटी पान्यात गेली, सायेबाले तसं लिवून दे." टायपिंग करणारा पोरगा आधी नोटपॅड उघडतो. मजकूर तिथं उतरवतो, वाचून दाखवतो आणि मग पोर्टलमध्ये चिकटवतो. पोर्टल मधेच बंद पडलं तरी लिहिलेलं वाया जात नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत याच नोटपॅडमध्ये कृत्रिम बुद्धिमत्ता आली.

मायक्रोसॉफ्टचं नोटपॅड १९८३ चं, डॉसच्या म्हणजे विंडोजच्या आधीच्या संगणक प्रणालीच्या काळातलं. १९८५ मध्ये ते पहिल्या विंडोजबरोबर आलं. तेव्हा त्यात ना ठळक अक्षर होतं, ना चित्र, ना तक्ता. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये तर ६४ केबीपेक्षा मोठी फाइलही त्यात उघडत नसे.

मराठी मात्र त्यात उशिरा रुजली. आपल्याकडचे जुने टायपिस्ट कृतिदेवसारख्या फॉन्टवर तयार झाले. त्या फॉन्टमध्ये दिसायला मराठी, पण आत साठायची इंग्रजी अक्षरं. 'भारत' लिहिलेली फाइल कृतिदेव नसलेल्या संगणकावर उघडली की एच, के, के, जे, आर एवढंच दिसायचं. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे. विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्ट आला आणि नोटपॅडमध्येही खरी मराठी लिहिता येऊ लागली. तरी फाइल साठवताना पर्याय आपोआप एएनएसआयचाच असायचा, म्हणजे देवनागरी न मावणाऱ्या जुन्या पद्धतीचा. समोर आलेली सूचना न वाचता ओके दाबलं, की पुढच्या वेळी मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. २०१९ मध्ये यूटीएफ-८ हा युनिकोड साठवण्याचा प्रकार मूळ पर्याय झाला, तेव्हा कुठे ही धास्ती संपली. मराठी लिहिणाऱ्यांसाठी नोटपॅडमधली सगळ्यात मोठी सुधारणा मी हीच मानतो.

विंडोज ११ आल्यावर बदलांनी वेग घेतला. २०२३ मध्ये टॅब आले. न साठवलेला मजकूरही पुन्हा उघडल्यावर तसाच सापडू लागला. जिथे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, तिथे याचं मोल वेगळं सांगायला नको. त्याच वर्षी वर्डपॅड, म्हणजे विंडोजमधलंच ठळक अक्षरं-चित्रं चालणारं लेखनाचं सॉफ्टवेअर, बंद करण्याचं जाहीर झालं. २०२४ मध्ये शुद्धलेखन तपासणी आली, वर्षअखेरीस मजकूर पुन्हा लिहून देणाऱ्या सोयीची चाचणी सुरू झाली. २०२५ मध्ये सारांश काढणं आणि नुसत्या सूचनेवरून नवा मजकूर लिहिणं आलं. ऑनलाइन चालणाऱ्या या सोयींसाठी मायक्रोसॉफ्टच्या खात्यात लॉगिन लागतं. थेट संगणकावर चालणारा प्रकारही आला, पण सुरुवातीला फक्त इंग्रजीसाठी. नको असेल तर हे सगळं सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतं.

सेतू केंद्रातल्या अर्जापुरतं ते बंदच असावं, असं मला मनापासून वाटतं. 'पऱ्हाटी पान्यात गेली' याचं 'कपाशीचे पीक पाण्याखाली गेले' असं पोरगा करतो, तेव्हा समोर बसलेल्याला तो विचारतो: किती एकर? कोणत्या दिवशी? धुऱ्याकडचं की सगळंच? 'अंदाजे दोन एकर' मधला 'अंदाजे' भाषा गुळगुळीत करण्याच्या नादात गळाला, तर पंचनाम्याच्या वेळी उत्तर शेतकऱ्यालाच द्यावं लागतं. अर्जाखाली अंगठा त्याचा असतो.