बर्लिनची माती आणि हिटलरचा वास्तुरचनाकार

बर्लिनच्या टेंपलहोफ भागात राहत्या इमारतींना अगदी खेटून काँक्रीटचा एक अवाढव्य ठोकळा उभा आहे. त्याला ना डौल, ना नक्षी. जमिनीवर दिसतो तो भाग १४ मीटर उंच आणि २१ मीटर रुंद. त्याखाली ११ मीटर रुंदीचा बुंधा जमिनीत १८ मीटर खोल गेलेला. उभा काप घेतला तर आकार भूछत्रासारखा दिसेल. वजन १२,६५० टन. जर्मनीत त्याला ‘श्वेअरबेलास्टुंग्सक्योर्पर’ म्हणतात. नाव उच्चारताना जीभ वळत नाही, पण अर्थ साधा आहे: जड भार टाकणारा ठोकळा. त्याचं काम एकच होतं, जमिनीवर बसून राहायचं आणि आपण किती खचतो ते दाखवायचं.

१९४१ साली तो ज्याच्या योजनेसाठी बांधला गेला, त्याचं नाव आल्बर्ट श्पेअर.

श्पेअर १९०५ साली मानहाइममध्ये जन्मला. वडील वास्तुरचनाकार, आजोबाही तेच. बर्लिनमध्ये तो हाइनरिश टेसेनो या साधेपणाचा आग्रह धरणाऱ्या प्राध्यापकाचा विद्यार्थी आणि मग साहाय्यक झाला. पुढे त्याने जे बांधलं ते पाहता हा योगायोग गमतीचाच म्हणायचा. १९३१ साली तो नाझी पक्षात गेला. १९३४ पासून न्यूरेंबर्गच्या पक्षमेळाव्यांत त्याने विमानविरोधी सर्चलाइट मैदानाभोवती लावून त्यांचे झोत सरळ आभाळात सोडले. माजघरात कवडसा येतो तेव्हा हवेतली धूळ उजळून त्याचा तिरपा खांब दिसतो ना, तेच शास्त्र इथे होतं. प्रकाश स्वतः बाजूने दिसत नाही, हवेतले कण त्याला आपल्या डोळ्यांकडे विखुरतात. विटा नाहीत, सिमेंट नाही, आणि तरी हजारो फूट उंच खांबांचं देऊळ तयार.

१९३७ च्या जानेवारीत हिटलरने त्याला बर्लिनच्या पुनर्रचनेचा प्रमुख नेमलं. आराखड्यात १,८०,००० माणसं मावतील असं सभागृह होतं, घुमटासह २९० मीटर उंच. एक माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण ४०-५० ग्रॅम पाणी बाहेर टाकतो. गुणाकार केला तर एवढी गर्दी तासाभरात सात ते नऊ टन वाफ हवेत सोडणार. घुमटाखाली ढग साचून आतल्या आत पाऊस पडेल, अशी शंका घेतली जाते ती काही केवळ थट्टा नव्हे.

शिवाय एक विजयकमान होती, ११७ मीटर उंच, १७० मीटर रुंद. पॅरिसची प्रसिद्ध कमान तिच्यासमोर खेळण्यातली वाटली असती, कारण ती जेमतेम ५० मीटरची आहे. प्रश्न असा होता, की हे ओझं बर्लिनची जमीन पेलणार का? ते आजमावायलाच टेंपलहोफचा तो ठोकळा.

टेंपलहोफच्या जमिनीखाली हिमयुगातल्या हिमनद्यांनी आणून टाकलेली वाळू आणि चिकणमाती आहे. वाळूवर भार टाकला की कण एकमेकांत घट्ट बसतात आणि ती जी काय दबायची ती लगेच दबते. चिकणमातीची तऱ्हा निराळी. श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून वर वरवंटा ठेवला, तर पहिल्या पाच मिनिटांत चक्का होत नाही. पाणी थेंबथेंब गळतं, गोळा हळूहळू आक्रसतो, आणि रात्रभरानंतर सकाळी तो निम्मा झालेला असतो. ओल्या चिकणमातीतही सुरुवातीला भार पेलतं ते कणांमधलं पाणी. बारीक छिद्रांतून ते सुटत जातं तसतसा भार कणांवर येतो आणि इमारत खाली बसते. अभियंते कार्ल टेरझागी यांनी १९२० च्या दशकात याचं गणित मांडलं. त्यातला एक निष्कर्ष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मातीचा थर दुप्पट जाड असेल, तर पाणी निघायला दुप्पट नव्हे, चौपट वेळ लागतो. म्हणून ‘बांधून वर्ष झालं, काही झालं नाही’ या बोलण्याला चिकणमातीवर फारसा अर्थ नसतो.

ठोकळ्याचा भार सुमारे १०० चौरस मीटर तळावर येत होता, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे १२६ टन. साध्या चार मजली घराच्या पायाखाली हा आकडा १०-२० टनांच्या घरात असतो. खचणं सहा सेंटिमीटरच्या आत राहिलं तर ठीक, असं गृहीत धरलं होतं. अडीच-तीन वर्षांत ठोकळा सुमारे १९ सेंटिमीटर खाली गेला. आधी जमीन पक्की केल्याशिवाय कमान बांधणं शक्यच नव्हतं. अर्थात तोवर युद्धच अंगावर आलं होतं. आणि मोजमापांचा नीट हिशेब लागला तो १९४८ साली, राजवट संपल्यावर.

हा ठोकळा बांधायला फ्रेंच युद्धकैद्यांनाही राबवलं होतं. श्पेअरच्या इमारतींसाठी ग्रॅनाइट काढलं जायचं ते फ्लॉसेनब्युर्ग आणि माउटहाउझेनसारख्या छळछावण्यांच्या खाणींतून. बर्लिन पाडून नव्याने उभारायचं, तर घरं जाणाऱ्या जर्मनांना पर्यायी घरं हवीत. त्यासाठी त्याच्या कार्यालयाने ज्यू कुटुंबांना हुसकावून लावलं. कार्यालयाच्याच रोजनिशीत अशा २३,७६५ घरांची नोंद आहे. युद्धानंतर त्याच्या एका जुन्या सहकाऱ्याने रोजनिशीची नवी प्रत करताना असले उल्लेख गाळून टाकले.

१९४२ च्या फेब्रुवारीत शस्त्रास्त्रमंत्री फ्रिट्झ टोट विमान अपघातात गेला आणि छत्तिशीतला श्पेअर मंत्री झाला. त्याचा ‘शस्त्रास्त्रांचा चमत्कार’ पुढे फार गाजला. उत्पादनाचा निर्देशांक १०० वरून १९४४ च्या जुलैत ३२२ वर गेला. पण १०० धरला होता १९४२ च्या सुरुवातीच्या मंदावलेल्या काळाला, आणि आधीच्या लोकांनी उभारलेले कारखाने नेमके आता फळ देऊ लागले होते. आलेखाची सुरुवात खड्ड्यातून केली की टेकडीही डोंगर दिसते! उरलेलं काम सक्तीच्या मजुरांनी केलं. नॉर्डहाउझेनजवळच्या डोरा छळछावणीच्या बोगद्यांत, जिथे व्ही-२ अग्निबाण बनत, सुमारे ६०,००० कैद्यांपैकी जवळपास २०,००० मेले. श्पेअर तिथे १९४३ च्या डिसेंबरमध्ये स्वतः जाऊन आला होता.

युद्धानंतर नाझी नेत्यांवर न्यूरेंबर्गला चाललेल्या खटल्यात त्याने जबाबदारी स्वीकारली, पण ज्यूंच्या संहाराची कल्पना नव्हती असं सांगितलं. मी राजकारणी नव्हे, तंत्रज्ञ, हा त्याचा पवित्रा. फाशी टळली, वीस वर्षं मिळाली. श्पांडाउच्या तुरुंगात बागेतला फेरा मोजून तो मनातल्या मनात जगप्रवासाला निघाला आणि १९६६ साली सुटेपर्यंत ३१,८१६ किलोमीटरची नोंद केली. मोजण्यात तो पक्का होता. फक्त काय मोजायचं ते तो निवडायचा. १९४३ च्या ऑक्टोबरमध्ये पोझनला (आजच्या पोलंडमधलं पोझनान) नाझींच्या एसएस दलाचा प्रमुख हिमलर याने संहाराबद्दल स्पष्ट शब्दांत भाषण केलं, तेव्हा मी हजर होतो, असं त्याने १९७१ च्या एका खाजगी पत्रात लिहिलं. पत्र उजेडात आलं २००७ साली. श्पेअर तोवर हयात नव्हता. १९८१ साली लंडनमध्ये तो वारला.

ठोकळा मात्र जागचा हलला नाही. सुरुंग लावावा तर शेजारची घरं कोसळतील, म्हणून तो तसाच ठेवला. मृदायांत्रिकीच्या, म्हणजे भाराखाली माती कशी वागते ते अभ्यासणाऱ्या, अभियंत्यांनी पुढे कित्येक वर्षं त्याचा उपयोग चाचण्यांसाठी केला, आणि १९९५ साली त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. आता शेजारी पाहणाऱ्यांसाठी एक मचाण बांधलं आहे. वर चढलं की ठोकळ्याचा सपाट माथा दिसतो, आणि पलीकडे घरांची छपरं आणि रेल्वेचे रूळ.