स्नॅक्सवर एकसारखा मसाला लावणं

चिप्स, मक्याचे पफ, नळ्या, फ्रायम्स, मुरमुरे, शेंगदाणे, कुठलाही माल तळून नाहीतर भाजून तयार झाला की पॅकिंगला जायच्या आधी त्याच्यावर मीठ-मसाल्याची पावडर सगळीकडे सारखी चढवायची असते, या कामाला सीझनिंग म्हणतात, शेडमधे बोलताना फ्लेवर मारणं नाहीतर कोटिंग. घरी परातीत चिवडा कालवताना हाताला कळतं की मीठ कुठं कमी बसलंय, कारखान्यात तासाला शेकडो किलो माल जात असतो आणि तिथं हाताच्या जागी ड्रम, पावडर ठराविक वेगानं सोडणारा फीडर आणि तेलाचा स्प्रे असतो.

पॅकेटवर फ्लेवर छापून विकायची पद्धत तशी फार जुनी नाही. आधी चिप्स सपक असायचे, इंग्लंडात स्मिथ्स कंपनी पाकिटात निळ्या कागदाची मिठाची पुडी टाकायची आणि खाणाऱ्यानं ती स्वतः भुरभुरायची. आयर्लंडमधे १९५४ साली टेटो कंपनी काढणाऱ्या जो मर्फीनं चीज-कांदा फ्लेवरचे चिप्स आणले आणि तिथून मसाला लावणं हे कारखान्याचं काम झालं. आपल्याकडं १९९९ ला कुरकुरे आलं, त्यानंतर मक्याच्या मसालेदार नळ्या गावातल्या टपरीपर्यंत पोचल्या.

मराठवाड्यात या धंद्याला कच्चा माल दारातच आहे. सिल्लोड, कन्नड, भोकरदनकडं मका, भोकरदनच्याच पिंपळगाव रेणुकाईला मिरचीचा मोठा बाजार, लातूरला डाळी. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदानाची तरतूद झाली आणि एमआयडीसीत एक शेड घेऊन पफ काढायचा विचार बरेच जण करायला लागले. पण बजेट करताना एक्स्ट्रूडर म्हणजे मक्याचं पीठ दाबून पफ काढणारं मशीन चांगलं बघतात, पॅकिंग मशीन चांगलं बघतात, आणि कोटिंगचा ड्रम मात्र उरलेल्या पैशात बसेल तो. हे उलटं आहे, कारण गिऱ्हाइकाच्या जिभेला सगळ्यात आधी लागतं ते ड्रममधलंच काम.

मसाला किती लागतो ते बघू. चिप्सवर साधारण वजनाच्या ६ ते ८ टक्के, पफवर थोडा जास्तही चालतो. समजा तासाला ५०० किलो तयार माल काढायचाय आणि मसाला ८ टक्के, म्हणजे सपक माल ४६० किलो आणि मसाला ४० किलो, सेकंदाला जेमतेम ११ ग्रॅम पावडर पडली पाहिजे आणि ती न थांबता पडली पाहिजे. आता मागून फ्रायरमधनं माल ३० टक्क्यांनी कमी आला आणि मसाल्याचा फीडर तसाच चालू राहिला तर तेवढ्या वेळापुरता मसाला ११ टक्क्यांवर जातो. मसाल्यात २० टक्के मीठ धरलं तर मालातलं मीठ १.६ वरून २.२ टक्के होतं, आणि पाकिटावर छापलेला सोडियमचा आकडा १०० ग्रॅमला ६३० मिलिग्रॅमच्या आसपास असेल तर आतला माल ८६० च्या पुढं गेलेला असतो. म्हणून कमी-जास्त लागतंय म्हटल्यावर मसाला वाढवायचा हा जो उपाय बहुतेक जण करतात तो चुकीचा आहे, आधी मालाचा प्रवाह सरळ करायचा, मग पावडरीचा, आणि मग मसाल्याच्या प्रमाणाला हात लावायचा. मोठ्या लाइनवर यासाठी ड्रमच्या आधी वजन करणारा बेल्ट असतो, मालाचं वजन घटलं की मसाल्याचा फीडर आपोआप हळू होतो, आणि फीडरही स्वतःच्या हॉपरचं, म्हणजे पावडर भरायच्या भांड्याचं, घटतं वजन मोजत चालतो.

सलग चालणारा ड्रम आडवा असतो पण थोडासा कललेला, एका तोंडानं माल आत येतो, फिरत फिरत पुढं सरकतो आणि दुसऱ्या तोंडानं बाहेर. आतून पट्ट्या मारलेल्या असतात, त्या माल उचलतात आणि वरून खाली सोडतात, त्यामुळं प्रत्येक तुकडा पालथा होत राहतो. ड्रम फिरतो त्या बाजूला माल वर चढून बसतो, मधोमध नसतो, पण मसाल्याचा ट्रे पुष्कळ ठिकाणी ड्रमच्या बरोबर मधे लावलेला दिसतो, मग अर्धा मसाला मालावर आणि अर्धा उघड्या पत्र्यावर पडतो, पत्र्यावर तेलाबरोबर त्याचा थर जमतो आणि तासाभरानं त्याच्या खपल्या मालात पडायला लागतात. ट्रे मालाच्या उतारावर यायला पाहिजे. ट्रेचं तोंडही तिरकं कापलेलं असावं लागतं म्हणजे पावडर एकाच ठिकाणी धबकन न पडता लांबीभर पडद्यासारखी सुटते. ड्रम गच्च भरला तर माल उलटत नाही, नुसता घसरतो, चिप्ससारख्या चपट्या मालाला मग एकाच बाजूनं रंग येतो.

छोट्या युनिटमधे अष्टकोनी ड्रम असतो, बॅचमधे चालणारा. दहा-बारा किलो पफ आत टाकायचे, ड्रम चालू करायचा, तेल मारायचं, मग मसाला. यात सगळा खेळ मसाला टाकणाऱ्याच्या हातात असतो. डब्यानं एकदम ओतला की जिथं तेल जास्त बसलंय तिथं पावडरीच्या लालभडक गोळ्या होतात, वाटाण्याएवढ्या, वरून कोरड्या दिसतात पण फोडली की आत ओली पावडर, आणि ती गोळी ज्या पोराच्या पाकिटात जाते त्याच्या डोळ्यातून पाणी येतं. तोच मसाला पिठाच्या चाळणीतून तीन वेळा विभागून, ड्रमच्या तोंडाशी हात इकडून तिकडं नेत टाकला तर त्याच मशीनवर माल कितीतरी चांगला निघतो. तेल आधी आणि फवाऱ्यानं, मग्यानं ओतून कधीच नाही. आणि जास्त वेळ फिरवत बसलं तर पफ तुटतात, चुरा होतो, आणि चुरा आपल्या वजनाच्या मानानं फार जास्त मसाला खातो.

मसाला चिकटतो तो मुख्यतः तेलामुळं. तळलेल्या चिप्समधे वजनाच्या जवळपास एक तृतीयांश तेल असतंच, ते वर ओलसर आहे तोवर, माल गरम असताना मसाला पडला पाहिजे, माल गार होत गेला की तेल आत ओढलं जातं आणि पावडर पाकिटाच्या तळाशी जाऊन बसते. ओव्हनमधे वाळवलेल्या पफला स्वतःचं तेल नसतं म्हणून स्प्रे करावा लागतो, नाहीतर मसालाच कोमट तेलात कालवून स्लरी करून मारतात. स्लरीनं चढतं छान, पण टाकी सतत हलती ठेवावी लागते कारण मीठ तळाला बसतं, आणि मिरचीचे फ्लेक्स असले की फवाऱ्याचे नोझल चोंदतात. शेंगदाण्याला डिंकाचं पाणी लावून वर मसाला देतात आणि परत वाळवतात. इलेक्ट्रोस्टॅटिक पद्धतही आहे, तिच्यात हाय व्होल्टेजनं पावडरीला चार्ज देतात आणि ती अर्थिंग दिलेल्या मालाकडं ओढली जाते, बारीक पावडरीला ती चांगली, जाड मिठाला फारसा उपयोग नाही.

पावडर स्वतः कशी आहे याच्याकडं लोकांचं लक्षच नसतं. जाड मीठ आणि मैद्यासारखी बारीक मिरची एका हॉपरमधे घालून वर व्हायब्रेटर लावला की बारीक कण फटीतून खाली उतरतात आणि जाड वर येतात, मग शिफ्टच्या सुरुवातीचा माल तिखट आणि शेवटचा खारट, मसाला तोच, बॅच तीच. म्हणून मीठ बारीक दळलेलं घ्यायचं आणि हॉपर काठोकाठ न भरता थोडं थोडं भरत राहायचं.

आपल्या भागाचा काळा मसाला स्नॅक्सवर द्यायची कल्पना खरंच चांगली आहे, पण त्यात भाजलेलं खोबरं आणि तीळ, दोन्हीचं तेल सुटतं, आणि असली तेलकट पावडर हॉपरमधे कमान धरते, खाली पडतच नाही, ऑपरेटर बाहेरून हातोडी मारत बसतो. त्यापेक्षा तो तेलात मिसळून स्लरीनं द्यावा आणि मीठ, आमचूर वेगळं कोरडं. येसर भाजलेल्या धान्या-डाळींचा असल्यामुळं तेवढा चिकट नसतो, फक्त जास्त झाला तर माल पिठूळ लागतो.

हवामानाचंही बघावं लागतं. मे महिन्यात इथली हवा एवढी कोरडी की पावडरीला आपोआप स्टॅटिक म्हणजे स्थिर वीज धरते आणि ती मालाऐवजी ट्रेला, प्लॅस्टिकच्या पिशवीला चिकटून बसते, तर श्रावणात टोमॅटो पावडर, कांदा पावडर, साखर, माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्चपासून केलेली पावडर, हे सगळं ओल ओढतं आणि सकाळी उघडलेली बॅग संध्याकाळी दगड होते. मसाल्यात ५५१ नंबरचा पदार्थ म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड घातलेला असतो तो गुठळ्या होऊ नयेत म्हणूनच, पण उघड्या बॅगेला तोही किती दिवस पुरणार. एसी गोदामातून काढलेली बॅग खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, नाहीतर आत दव धरतं.

एकसारखं लागलं की नाही हे एका पाकिटावरून कळत नाही. ड्रमच्या तोंडाशी ठराविक वेळानं नमुने घ्यायचे, प्रत्येकातलं मीठ सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण थेंब थेंब मोजून घालून, म्हणजे टायट्रेट करून काढायचं आणि नमुन्या-नमुन्यातला फरक बघायचा, नुसती सरासरी नाही, कारण सरासरी बरोबर असूनही निम्मी पाकिटं खारट आणि निम्मी सपक असू शकतात. परभणीच्या कृषी विद्यापीठात १९७६ पासून अन्नतंत्र महाविद्यालय आहे, तिथून शिकून आलेल्या मुलाला ही टेस्ट हातची आहे, त्याला फक्त वेळ आणि एक ब्युरेट म्हणजे द्रावण मोजून सोडायची नळी मिळाली पाहिजे. रंग मोजायचं मशीन असेल तर आणखी पटकन कळतं, पण पांढऱ्या मिठाचा फरक रंगात दिसत नाही.

फ्लेवर बदलताना ड्रम, ट्रे, हॉपर, बेल्ट सगळं कोरडंच साफ करायचं, ब्रशनं आणि व्हॅक्यूमनं, पाणी मारलं तर पुढच्या बॅचच्या गुठळ्या झाल्याच समजा. चीज किंवा क्रीम-ओनियन मसाल्यात दुधाची पावडर असते, तिचा अंश मागं राहून साध्या मसाल्याच्या पाकिटात गेला तर दुधाची ॲलर्जी असलेल्या माणसाला त्रास होऊ शकतो, म्हणून बिनदुधाचा फ्लेवर दिवसात आधी चालवायचा आणि दुधाचा शेवटी. ड्रमच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्या माणसाला मास्क द्यायचाच, मिरचीची धूळ आठ तास नाकात जाते आणि वरचा एक्झॉस्ट नीट बसवलेला नसेल तर तो धुळीबरोबर चांगला मसालाही ओढून नेतो, तेव्हा एक्झॉस्टचं तोंड मसाला पडतो तिथं न ठेवता माल बाहेर पडतो त्या बाजूला, थोडं लांब ठेवतात.